रोज तपासली जाणारी गाठ

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात केली आणि आता इथेच एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास पॅथॉलॉजीत लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) शिकवला गेला आणि त्याच आठवड्यात मानेच्या डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ माझ्या हाताला लागली. मेडिसिनच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले. सोनोग्राफी झाली, रक्ततपासणी दोनदा झाली, सगळे अहवाल नॉर्मल आले. अहवाल आला की चार-आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा शंका सुरू होते. दिवसातून कितीदा तरी मान चाचपतो, रात्री रूममेटला हात लावून पाहायला सांगतो, फोटो काढून जुन्या फोटोंशी ताडतो. महिनाभरापासून पोटरीचा स्नायू फडफडतो, तेव्हापासून मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशींच्या, आजाराची भीती बसली आहे. माझे धाकटे चुलते रक्ताच्या कर्करोगाने गेले. अशा रुग्णांच्या वॉर्डातली पोस्टिंग मी दोनदा बुडवली. सीनियर हसतात आणि ‘सेकंड इयरला सगळ्यांनाच होतं’ म्हणतात. गाठीतल्या पेशी सुईने काढून पाहण्याची तपासणी आणि एमआरआय करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा का? आजारांना एवढा घाबरणाऱ्याने डॉक्टर व्हावे का? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे माझेच शिक्षक, त्यांच्यासमोर कसा जाऊ? आणि घरी सांगावे का? गावात मला आत्तापासूनच ‘डॉक्टर’ म्हणतात.

उत्तर:

तुमच्या प्रश्नांपैकी पहिला शरीराचा आहे, म्हणून आधी तोच घेते. या सदरातून कोणाची मान तपासता येत नाही आणि तसा आव मी आणणार नाही; परंतु तुम्ही दिलेल्या वर्णनाबद्दल काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. तरुण आणि सडपातळ माणसाच्या मानेत एक सेंटिमीटरपेक्षा लहान, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ लागणे ही अगदी नेहमीची बाब आहे. घशाच्या, दातांच्या किंवा डोक्यावरील फोडांच्या जुन्या संसर्गाची ती मागे राहिलेली खूण असते. दुर्लक्ष करू नये अशी गाठ कशी असते, हे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेच असेल: दगडासारखी कडक, आतल्या थराला चिकटलेली, गळ्याच्या हाडावरील खळग्यातली, दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, चार-सहा आठवडे सतत वाढत जाणारी, आणि सोबत संध्याकाळी चढणारा ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम, कारण नसताना उतरलेले वजन. यांपैकी एकही गोष्ट तुमच्या पत्रात नाही. गाठ लागल्यावर तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, हे योग्यच केलेत. आपल्याकडे मानेत टिकून राहणाऱ्या गाठीमागे क्षयरोग असू शकतो, आणि रुग्णालयात वावरणाऱ्या विद्यार्थ्याने तर अशी गाठ एकदा दाखवायलाच हवी. मात्र एक गोष्ट पाहा. आपल्या भागात लिम्फोमापेक्षा कितीतरी अधिक संभवणाऱ्या त्या क्षयरोगाचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही. भीती जेव्हा निदान करते तेव्हा ती शक्यता मोजत बसत नाही. ज्याने झोप उडेल तेच नाव ती उचलते.

गाठीबद्दल आणखी एवढेच, की दिवसातून वीस-तीस वेळा दाबलेली गाठ आणि तिच्याभोवतीचा स्नायू दुखू लागतो, आणि तो दुखावा मग नवे लक्षण म्हणून नोंदला जातो. फोटोंचेही तसेच आहे. मान किंचित वळली, खिडकीतला प्रकाश बदलला, की गाठ ‘वाढते’. पोटरीच्या फडफडीचे सांगायचे तर थकवा, अपुरी झोप, चहा-कॉफी आणि चिंता यांनी निरोगी माणसाच्या पोटरीचे आणि पापणीचे स्नायू फडफडतात. ज्या आजाराची तुम्हाला धास्ती आहे तो सहसा उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना होतो आणि त्यात स्नायूची ताकद जाते, तो वाळत जातो. ही ताकद घरच्या घरी कशी तपासावी हे मला ठाऊक आहे, पण मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या सकाळपासून तो तुमचा नवा नेम होईल.

आता सोक्षमोक्षाविषयी. पुरेशा तपासण्या केल्या की शंकेला जागाच उरणार नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ मला तिथेच दिसते. प्रयोगशाळेच्या अहवालावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही पाच टक्के त्या मर्यादेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी तरुणाच्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. हा हिशेब तुम्ही वहीच्या कोपऱ्यात स्वतः करून पाहू शकता. एमआरआयमध्येही शरीरातल्या निरुपद्रवी वैचित्र्यांचे असे काही ना काही दिसतेच. आणि सुईच्या तपासणीत समजा ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे निरुपद्रवी सूज) असे आले, तर तुमचे मन लगेच म्हणेल की सुई नेमक्या जागी गेली नसेल. तुम्ही वैद्यकाचे विद्यार्थी आहात, त्यामुळे हा आक्षेप घेण्यापुरते ज्ञान तुमच्याजवळ आहे. आणि तो सर्वस्वी खोटा नसल्यामुळे तो कोणाला पूर्णपणे खोडूनही काढता येणार नाही. इतर माणसे अहवालावर विश्वास ठेवून झोपी जातात, तुम्हाला अहवालाच्या मर्यादाही शिकवलेल्या असतात.

म्हणून तुम्ही दिलेला ‘चार-आठ दिवस’ हा आकडा मला गाठीच्या आकारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शंका येते, तुम्ही चाचपता किंवा विचारता, क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि मनाला शिकवण मिळते की या तपासणीमुळेच आपण वाचलो. पुढच्या वेळी ते ती तपासणी अधिक लवकर मागते. भीतीला खतपाणी गाठीतून मिळत नाही, त्या क्षणभराच्या सुटकेतून मिळते. गेल्या काही महिन्यांत हे चार-आठ दिवस वाढत गेले की घटत गेले, याचे उत्तर तुम्हीच स्वतःला द्या.

दुसरे गृहीतक आणखी खोल रुजलेले आहे, आणि त्याला तुमच्या शिक्षणाची रचनाच जबाबदार आहे. अमेरिकेत केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक हिशेब मांडला होता, तो आजही शिकवला जातो: हजार प्रौढांपैकी एका महिन्यात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे जाणवते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत अवघा एक पोचतो. हे आकडे परक्या देशातले आणि जुन्या काळातले आहेत, आपल्याकडे ते तंतोतंत लागू होणार नाहीत. पण गाळणीचे तत्त्व तेच आहे. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत गोकाक, बैलहोंगल, खानापूर, हद्दीपलीकडचा चंदगड आणि थेट गोव्यापासून रुग्ण येतात, आणि त्यांतले बरेचसे आधी गावचा दवाखाना, मग तालुक्याचे रुग्णालय अशा गाळण्यांतून वर आलेले असतात. तुम्ही रोज सकाळी त्या हजारातल्या एकाच्या खाटेपाशी उभे राहून हिस्टरी लिहिता. उरलेले ९९९, ज्यांची गाठ आपोआप बसली, ज्यांची पोटरी परीक्षा संपल्यावर फडफडायची थांबली, ते तुमच्या वॉर्डात कधी येतच नाहीत. विसाव्या वर्षी माणसाला आजारांची एवढी मोठी यादी शिकवायची आणि निरोगी शरीर किती तऱ्हेने कुरकुरते हे मात्र धड शिकवायचे नाही, याला मी अभ्यासक्रमातील उणीव मानते. पण ती दुरुस्त होईपर्यंत तुम्हाला थांबता येणार नाही.

त्यावर एक साधा उपाय आहे. यापुढे पॅथॉलॉजीचा कोणताही आजार वाचलात की टिपणाच्या वरच लिहा: हा कोणत्या वयात होतो, लाखात साधारण किती जणांना होतो, आणि याच तक्रारीची याहून सामान्य तीन कारणे कोणती. तुमच्या भीतीसाठी हे उपयोगी आहेच, शिवाय चांगला वैद्य नेमका असाच विचार करतो, त्यामुळे तो वेळ वाया जाणार नाही.

सीनियरांच्या हसण्याबद्दल माझे मत मिश्र आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकत असलेलाच आजार स्वतःत दिसतो, ही गोष्ट १९६४ आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नोंदली गेली आणि तेव्हापासून ती वसतिगृहातल्या विनोदाचा भाग झाली. नंतर मात्र १९८६ मध्ये वैद्यकाच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांची तुलना झाली, तेव्हा आजाराची भीती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत विशेष अधिक आढळली नाही. २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासानेही वैद्यकीय शिक्षणामुळेच ही चिंता जडते या समजुतीला आधार दिला नाही. म्हणजे धडा शिकताना मनात चुकचुकणारी पाल अनेकांना ऐकू येते आणि ती पुढच्या प्रकरणापर्यंत विरून जाते, इथपर्यंत सीनियरांचे बरोबर आहे. पण महिनोन्‌महिने न जाणारी, पोस्टिंग चुकवायला लावणारी, रोज रात्री दुसऱ्याचा हात मानेवर ठेवायला लावणारी भीती ‘सगळ्यांनाच’ होत नाही, आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. मानसोपचारातील डीएसएम-५ या वर्गीकरणात २०१३ पासून अशा अवस्थेला स्वतंत्र नाव आहे आणि त्यासाठी सहा महिने ही कालमर्यादा धरली आहे. तुम्हाला तेच आहे असे मी म्हणत नाही, ते प्रत्यक्ष भेटलेल्या तज्ज्ञाने ठरवायचे. माझे म्हणणे एवढेच, की ‘एक तर मला कर्करोग आहे, नाहीतर मी उगाच घाबरट आहे’ या दोहोंखेरीज तिसरी शक्यता आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत.

आणखी एका वाक्याशी मी थबकले. चुलत्यांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. ते गेले तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता, त्यांच्या आजारपणात तुम्ही घरी होता का, डॉक्टर व्हायचे हे त्यानंतर ठरले का, यांतले काही पत्रात नाही. एका चुलत्याला झालेल्या आजारामुळे तुमचा धोका फारसा वाढत नाही. पण तुम्ही जो वॉर्ड टाळता तिथे तुम्हाला लिम्फोमा दिसतो की चुलते दिसतात, हा प्रश्न तज्ज्ञासमोर बसाल तेव्हा जरूर काढा.

तोवर आजपासून काय करता येईल ते सांगते. सर्वप्रथम डॉक्टर एकच ठरवा, आधी तपासलेल्यांपैकीच. त्यांना सांगा की मला पुढच्या तीन महिन्यांनी एकदा तपासा आणि मधल्या काळात मी कितीही विनवले तरी, वर दिलेल्या लक्षणांपैकी काही नसेल, तर नवी तपासणी लिहून देऊ नका. ओपीडीतल्या ओळखीचा फायदा घेऊन जो भेटेल त्याला मान दाखवणे ही वैद्यकाच्या विद्यार्थ्याची खास सोय आहे, आणि तीच तुम्हाला नडते आहे. मान चाचपणे एकदम बंद होणार नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, मग दोन दिवसांनी एकदा, मग आठवड्यातून एकदा, आणि शेवटी ते काम त्या डॉक्टरांवर सोडायचे. हात वर जाऊ लागला की घड्याळ पाहा आणि काहीही न करता थांबा. भीती चढेल, छातीत धडधडेल, आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ती स्वतःहून उतरू लागेल. तपासणी न करताही भीती उतरते, हा अनुभव तुमच्या मनाला अजून मिळालेलाच नाही. फोटो आज रात्रीच काढून टाका. लक्षणे टाकून मोबाइलला निदान विचारणे हीसुद्धा चाचपणीच आहे, तिलाही हेच वेळापत्रक लावा.

रूममेटला विश्वासात घ्या. तो बिचारा चांगुलपणाने रोज ‘काही नाही रे, तेवढीच आहे’ असे म्हणत असणार आणि त्यातून तुमचा रोजचा डोस भागत असणार. त्याला सांगा, की यापुढे मी विचारले तर ‘आपलं ठरलंय, मी उत्तर देणार नाही. चल, जेवायला जाऊ’ एवढेच म्हण. हे दोघांनाही अवघड जाईल, पण तुमच्या ओळखीच्या सगळ्या माणसांत सर्वांत मोठी मदत तोच करू शकतो.

बुडवलेली पोस्टिंग भरून काढा, पण एका दमात नव्हे. पहिल्या दिवशी मित्राबरोबर फक्त राउंडला उभे राहा. दुसऱ्या दिवशी एखाद्या रुग्णाशी आजाराखेरीज काहीतरी बोला, गाव कोणते, पेरण्या झाल्या का, घरी कोण असते. चंदगडहून आलेल्या एखाद्या आजीला वॉर्डात मराठीत विचारणारे कोणी भेटले की तिला बरे वाटतेच. आणि समोर केस नसून माणूस आहे हे कळले की तुमचीही भीती थोडी सैलावते.

स्वतःच्या प्रकृतीची रास्त काळजी या सगळ्यात सुटू नये. तिची यादी मर्यादित आहे: हेपटायटिस-बीच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत का ते पाहणे, क्षयरुग्णांच्या वॉर्डात एन-९५ मास्क वापरणे, दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासणे, सुई टोचली तर लाज न बाळगता ताबडतोब कळवणे, कारण एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि शक्यतो पहिल्या दोन तासांत, सुरू व्हावे लागते. या गोष्टी करून संपतात. मान चाचपणे कधी संपत नाही.

मानसोपचाराबद्दल तुमचा संकोच मला पटतो. ज्यांच्यासमोर तोंडी परीक्षा द्यायची त्यांच्यासमोर मन उघडे करणे कोणालाही जड जाईल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांविषयीची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि तो तुमच्या शिक्षकांवरही बंधनकारक आहे. तरीही मन धजत नसेल तर आपल्या महाविद्यालयाबाहेर जा. शहरात इतर तज्ज्ञ आहेत, आणि बसने दीड-दोन तासांवर धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्यसंस्था आहे. तिथे तुम्ही कोणाचे विद्यार्थी नसता. आधी नुसते बोलायचे असेल तर १४४१६ या टेलिमानस सेवेवर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे आणि मराठी-कन्नडसह अनेक भाषांत चालते. ज्या भाषेत तुम्हाला भीती वाटते त्याच भाषेत ती सांगा, वर्गातले इंग्रजी शब्द तिथे लागत नाहीत.

अशा भीतीवर सीबीटी या, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलवणाऱ्या, उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो. मी वर सांगितलेले चाचपणी कमी करण्याचे वेळापत्रक तिचाच एक भाग आहे, फक्त तज्ज्ञ ते अधिक बारकाईने बसवून देतात. गरज पडल्यास चिंता आणि नैराश्यावरील एसएसआरआय गटातील औषधे देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. मित्राकडच्या पाकिटातली अल्प्राझोलामची (चिंता तात्पुरती शमवणारी) गोळी मात्र एकदासुद्धा घेऊ नका. तिची सवय लागते, आणि वसतिगृहात ती किती सहज मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. भीतीने जगणेच नकोसे वाटू लागले, तर मात्र आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा आणि कोणाला तरी सोबत घ्या.

तुम्ही एकटे आहात असेही समजू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, ऑनलाइन सर्वेक्षणात भाग घेतलेल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले होते. अशा सर्वेक्षणात ज्यांना त्रास आहे तेच अधिक उत्तरे देतात, हे धरूनही तुमच्या वर्गात असे आणखी काही जण असणार.

डॉक्टर व्हावे की नाही, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. उपचार न घेता, झोप मोडलेल्या अवस्थेत असे निर्णय घेऊ नयेत. दुसरे वर्ष पार पाडा आणि मग तो प्रश्न शिल्लक राहिला तर पाहा.

घरी मात्र सांगा, आणि फोनवर नको. एखाद्या रविवारी गावी जा, आणि सुरुवात अहवालांपासून करा: गाठ दाखवली, तपासण्या केल्या, आजार नाही. त्यानंतर सांगा, की तरीही भीती जात नाही, झोप लागत नाही, अभ्यास मागे पडतो आहे आणि यावर उपचार घ्यायचे ठरवले आहे. हा क्रम उलटा झाला तर चुलत्यांच्या आठवणीने आईच्या पोटात गोळा येईल आणि पुढचे काही तिला ऐकूच येणार नाही. चार पाहुण्यांत हे आत्ताच बोलू नका, असे आई-वडील दोघांनाही स्पष्ट सांगा. गावात डॉक्टर म्हणून हाक मारणारे लोक सोबत आपले रिपोर्टही पुढे करत असतील. त्यांना ‘मी अजून शिकतोय, तालुक्याला दाखवा’ असे सांगण्यात काहीही कमीपणा नाही, आणि दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचून आपल्या मानेकडे हात जाण्याचे तेवढे प्रसंगही टळतील. धारवाडला पहिल्या भेटीला वडिलांना यावेसे वाटले तर येऊ द्या. सोनोग्राफीची आणि रक्ताच्या अहवालांची फाइल सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा करायला कोणी सांगणार नाही. आणि भेटीची वेळ इंटर्नल परीक्षेनंतरची न घेता याच पंधरवड्यातली घ्या.